लिनक्सचा पडदा अडतो तेव्हा

ऑगस्ट २००६ मधील ही घटना. उबंटू या लिनक्स-वितरणाची ६.०६ ही आवृत्ती जेमतेम तीन महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झाली होती आणि घरगुती वापरासाठी लिनक्स आता सोपे झाले, अशी चर्चा जगभर सुरू होती. अशातच एक नेहमीची सुधारणा वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. ती उतरवून ज्यांनी संगणक पुन्हा सुरू केला, त्यांतील अनेकांसमोर ओळखीचा रंगीत पडदा आलाच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांतला एक प्रश्न आणि लुकलुकणारी एक खूण, एवढेच उरले. पडदा रंगविणाऱ्या 'एक्स सर्व्हर' या घटकाच्या सुधारणेतच दोष राहिला होता. दुरुस्त आवृत्ती तातडीने प्रसिद्ध झाली. पण ती मिळविण्यासाठी टिचकी मारायला चित्र तर हवे! अखेर त्या काळ्या पडद्यावर दोन ओळी टंकित केल्या की काम होत होते. ज्यांना त्या ओळी माहीत होत्या त्यांचे काही मिनिटांत भागले. ज्यांना माहीत नव्हत्या त्यांना संगणक गेला असेच वाटले.

आज इतक्या वर्षांनंतर हा प्रसंग आठवण्याचे कारण आहे. विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अन्यथा धडधाकट असलेले अनेक संगणक त्यामुळे लिनक्सकडे वळू लागले आहेत. अशा नव्या वापरकर्त्याला पहिला मोठा धक्का बसतो तो बहुधा पडद्याच्याच बाबतीत. एके दिवशी लॉगिनचा पडदा येतच नाही, किंवा येतो पण परवलीचा शब्द देताच क्षणभर काळोख होऊन पुन्हा तोच पडदा हजर होतो. मग कोणीतरी 'फॉरमॅट करून टाका' असा सल्ला देतो. वर्षांचे फोटो, हिशेबाच्या वह्या, अर्धा लिहिलेला प्रबंध या सल्ल्यापायी पुसला जातो. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी माहितीला जराही धक्का लागलेला नसतो. बिघडलेला असतो तो केवळ दर्शनी भाग.

एका सूचनेने आरंभ करू. पुढील सर्व आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित कराव्यात. मोठे अक्षर लागेल तेथे तसे सांगितले आहे.

पडद्यामागची साखळी

लिनक्समध्ये चित्रमय पडदा हा कार्यप्रणालीचा गाभा नाही. तो तिच्यावर चढवलेला एक थर आहे. संगणक सुरू झाला की प्रथम 'ग्रब' हा आरंभक 'कर्नेल' म्हणजे गाभा स्मृतीत आणतो. कर्नेल ग्राफिक्स कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर जागा करतो. त्यानंतर 'डिस्प्ले मॅनेजर' नावाचा द्वारपाल येतो. ग्नोममध्ये त्याचे नाव 'जीडीएम', केडीईबरोबर बहुधा 'एसडीडीएम', तर हलक्याफुलक्या वितरणांत 'लाइटडीएम'. नाव आणि परवलीचा शब्द विचारणे हे त्याचे काम. ओळख पटली की तो आपले 'सत्र' सुरू करून देतो आणि मग डेस्कटॉप दिसू लागतो.

या साखळीतील चित्रे रंगविण्याचे काम अनेक वर्षे 'एक्स विंडो सिस्टिम'कडे होते. १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तिचा जन्म झाला आणि १९८७ मध्ये आलेली तिची अकरावी आवृत्ती आजही वापरात आहे. २००८ मध्ये क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी 'वेलँड' या नव्या पद्धतीची सुरुवात केली. फेडोराने २०१६ मध्ये ग्नोमसाठी वेलँड हाच मूळ पर्याय ठरवला, तर २०२५ मधील उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचे एक्सवर चालणारे सत्रच वगळण्यात आले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील एक्सविषयीचे उपाय आजच्या प्रत्येक संगणकाला लागू पडतीलच असे नाही.

ही साखळी ध्यानात ठेवण्याचा फायदा असा, की बिघाड कोणत्या कडीत आहे हे लक्षणांवरून ओळखता येते. ग्रबनंतर लगेच अंधार झाला तर संशय ड्रायव्हरवर. संदेश सरसर जाऊन अक्षरांचा पडदा थांबून राहिला तर द्वारपालावर. द्वारपाल दिसतो पण आत सोडत नाही, तर दोष बहुधा आपल्याच घरात, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइलींत किंवा भरलेल्या डिस्कमध्ये.

मागचे दार

घराचे पुढचे दार अडले तर मागच्या दाराने आत जावे. लिनक्समध्ये हे मागचे दार नेहमी असते. कंट्रोल आणि ऑल्ट या कळा दाबून ठेवून एफ३ ही कळ दाबावी. काही लॅपटॉपवर त्याबरोबर एफएन ही कळही लागते. अक्षरांचा काळा पडदा येऊन 'लॉगिन' असा शब्द दिसतो. तेथे आपले नाव आणि परवलीचा शब्द द्यावा. शब्द टंकित करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. कळफलक बंद पडला असे समजू नये. चित्रमय पडद्याकडे परत जाण्यासाठी तसेच एफ१, एफ२ किंवा जुन्या रचनेत एफ७ दाबून पाहावे.

हा पडदा उघडला, म्हणजे कर्नेल जिवंत आहे, डिस्क वाचली जात आहे आणि आपल्या फाइली जागेवर आहेत. 'एलएस' ही दोन अक्षरी आज्ञा दिली की आपल्या घरातील फाइलींची यादी समोर येते. अर्धी चिंता तेथेच मिटते. दुरुस्तीसाठी इंटरनेट लागलेच, तर 'एनएमटीयूआय' ही आज्ञा बाणांच्या कळांनी चालणारी यादी दाखवते आणि तिच्यातून वायफाय जोडता येते.

परवलीचा शब्द खरोखर बरोबर आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल. पण तपासाची सुरुवात येथूनच करावी. 'चुकीचा शब्द' असा स्पष्ट संदेश येत असेल तर कॅप्स लॉक पाहावा. मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक शक्यता आहे. इन्स्क्रिप्ट किंवा अन्य देवनागरी कळफलक ज्यांनी बसवला आहे, त्यांच्या लॉगिन पडद्यावर तोच निवडलेला असू शकतो. आपण रोमन अक्षरे टंकित करीत आहोत अशा समजुतीत असतो, संगणकाला मात्र 'क', 'म', 'ट' पोहोचत असतात आणि ठिपके काहीच सांगत नाहीत. ग्नोमच्या लॉगिन पडद्यावर वरच्या पट्टीत भाषेची खूण असते. ती बदलून पुन्हा प्रयत्न करावा. अक्षरांच्या पडद्यावर नावाच्या जागी परवलीचा शब्द टंकित करून अक्षरे डोळ्यांनी तपासता येतात. मात्र एंटर न दाबता ती पुसून टाकावीत.

गोल गोल फिरणारे लॉगिन

खरा गोंधळ होतो तो शब्द बरोबर असूनही पडदा परत लॉगिनवर येतो तेव्हा. याचा अर्थ द्वारपालाने ओळख पटवली, सत्र सुरू केले, पण ते लगेच कोसळले. अशा वेळी परवलीचा शब्द बदलत बसण्यात काही हशील नाही. चार कारणे क्रमाने तपासावीत.

पहिले कारण भरलेली डिस्क. सत्र सुरू होताना लहानसहान फाइली लिहिल्या जातात. जागाच नसेल तर ते तेथेच संपते. अक्षरांच्या पडद्याला फारसे लिहावे लागत नाही, म्हणून तो चालतो. 'डीएफ -एच' ही आज्ञा द्यावी आणि शंभर टक्के भरलेला विभाग दिसतो का ते पाहावे. एक्स्ट४ या फाइलपद्धतीत साधारण पाच टक्के जागा मूळ प्रशासकासाठी, म्हणजे 'रूट'साठी, राखीव ठेवलेली असते. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याचे काम थांबले तरी यंत्रणा तग धरून राहते. उबंटू किंवा डेबियनवर 'सुडो ॲप्ट क्लीन' ही आज्ञा उतरवलेल्या पॅकेजांचा साठा रिकामा करते. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' ही आज्ञा जुन्या नोंदी छाटते (येथे शेवटचे एम मोठे आणि आकडे रोमन कळफलकावरचे). या दोहोंनी आपल्या फाइलींना हात लागत नाही.

दुसरे कारण फाइलीची मालकी. आपल्या घरात 'एक्सॲथॉरिटी' नावाची, टिंबाने सुरू होणारी एक दडलेली फाइल असू शकते. पडद्यावर चित्र काढण्याचा परवाना म्हणजे ही फाइल. एखादा चित्रमय प्रोग्रॅम 'सुडो' लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारात चालवला, की कधी कधी या फाइलीची मालकी रूटकडे जाते. मग आपलाच परवाना आपल्याला वाचता येत नाही. 'एलएस -एलए' या आज्ञेने दडलेल्या फाइली मालकाच्या नावासह दिसतात. त्या फाइलीसमोर आपल्या नावाऐवजी रूट असे दिसले तर 'एमव्ही' या आज्ञेने तिचे नाव बदलावे. नावात एक्स हे अक्षर मोठे आहे आणि सुरुवातीचे टिंब विसरू नये. फाइल रूटची असली तरी घर आपले असल्याने नाव बदलण्याचा अधिकार आपल्याला असतो. पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप तयार होते. जीडीएम ही फाइल घरात ठेवत नाही, त्यामुळे तेथे ती आढळली नाही तर गोंधळून जाऊ नये.

तिसरे कारण 'टीएमपी' हा सामाईक फोल्डर. सर्वांना त्यात लिहिण्याची मुभा हवी. 'एलएस -एलडी /टीएमपी' ही आज्ञा दिल्यावर पहिल्या स्तंभातील अक्षरांच्या शेवटी 'टी' हे अक्षर दिसले पाहिजे. परवानग्या बिघडल्या असतील तर 'सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी' या आज्ञेने त्या पूर्ववत होतात.

चौथे कारण आपण स्वतः केलेला बदल. घरातील 'प्रोफाइल' किंवा 'एक्सप्रोफाइल' या दडलेल्या फाइलींत कोणाच्या तरी सल्ल्याने एखादी ओळ घातलेली असते आणि तिच्यातील चूक सत्राला अडवते. तीच गोष्ट ग्नोमच्या जोडण्यांची, म्हणजे 'एक्स्टेन्शन्स'ची. मुख्य आवृत्ती बदलली की जुनी जोडणी जुळत नाही. अलीकडे काय बदलले, हे आठवून ते बाजूला ठेवावे. पुसू नये, नाव बदलावे. म्हणजे परतीची वाट खुली राहते.

निर्णायक चाचणी

कारण सापडत नसेल तर एक साधी चाचणी सर्व तर्कांवर मात करते. 'सुडो ॲडयूजर' या आज्ञेपुढे एखादे नवे नाव देऊन नवा वापरकर्ता तयार करावा आणि त्या नावाने चित्रमय पडद्यावरून आत जाऊन पाहावे. नव्या माणसाला प्रवेश मिळाला, तर यंत्रणा निरोगी आहे आणि दोष आपल्या घरातील एखाद्या फाइलीत आहे. त्यालाही परत पाठवले गेले, तर दोष यंत्रणेत आहे, म्हणजे ड्रायव्हर, द्वारपाल किंवा डेस्कटॉपची पॅकेजे यांत. पाच मिनिटांची ही चाचणी तासन् तासांचा शोध निम्म्यावर आणते. लॉगिन पडद्यावरील दातेरी चाकाच्या खुणेतून दुसरे सत्र निवडता येत असेल, तर तेही करून पाहावे.

द्वारपालच गैरहजर

लॉगिनचा पडदा मुळीच येत नसेल तर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' ही आज्ञा द्यावी. द्वारपाल चालू आहे, कोसळला आहे की अस्तित्वातच नाही, हे तेथे कळते. 'सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट' या आज्ञेचे उत्तर 'ग्राफिकल' ऐवजी 'मल्टी-यूजर' असे आले, तर संगणकाला चित्रमय पडद्यापर्यंत जाण्याची सूचनाच नाही. 'सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट' असे सांगून ती देता येते.

सुधारणा चालू असताना मध्येच वीज गेली, तर पॅकेजे अर्धवट बसलेली राहतात. त्यावर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि पाठोपाठ 'सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल' हा डेबियन-उबंटू परिवारातील रूढ उपाय आहे. पहिली आज्ञा अर्धे राहिलेले काम पुरे करते, दुसरी उणे पडलेले घटक आणते. मात्र दुसरी आज्ञा काही काढून टाकण्याचीही परवानगी मागू शकते. तेव्हा तिने दाखवलेली यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये. लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूब निवेदकाने २०२१ मध्ये पॉप ओएस या वितरणावर स्टीम हा खेळांचा प्रोग्रॅम बसवायला घेतला. पॅकेजांतील एका विसंगतीमुळे डेस्कटॉपच काढला जाईल, असा इशारा पडद्यावर आला होता. तो नजरेआड करून होकार दिला गेला आणि चित्रमय पडदा नाहीसा झाला. चूक पॅकेजांची होती. पण इशारा वाचला असता तर नुकसान टळले असते.

ग्राफिक्स कार्डाचा रुसवा

इंटेल आणि एएमडी यांच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात, म्हणून सुधारणेनंतर ते सहसा रुसत नाहीत. एनव्हीडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र वेगळा बसवावा लागतो आणि त्याचा भाग प्रत्येक नव्या कर्नेलसाठी नव्याने जुळवावा लागतो. 'डीकेएमएस' ही यंत्रणा ते काम आपोआप करते. जुळणी फसली, तर नव्या कर्नेलबरोबर पडदा अंधारतो. संगणकात सुरक्षित आरंभ, म्हणजे 'सिक्युअर बूट', चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नेल नाकारतो, हेही एक कारण असते.

याची परीक्षा सोपी आहे. संगणक सुरू होताना एस्केप किंवा जुन्या यंत्रांवर शिफ्ट कळ दाबून ग्रबची यादी आणावी, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचे कर्नेल निवडावे. पडदा नीट आला तर दोषी कोण ते कळले. मग निवांतपणे नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा बसवावा. 'डीकेएमएस स्टेटस' ही आज्ञा जुळणी झाली की नाही ते सांगते. म्हणूनच सुधारणेनंतर जुने कर्नेल लगेच काढून टाकू नये.

कोणतेच कर्नेल दाद देत नसेल, तर ग्रबच्या यादीत 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' असा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावे. पडद्याची जुळवाजुळव कर्नेलने स्वतः करू नये, असा याचा अर्थ. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल. हा बदल त्या एका खेपेपुरता असतो आणि उपाय म्हणून तो कायम ठेवू नये. दुरुस्तीपुरता आधार म्हणूनच वापरावा. जुन्या संगणकावर 'एक्सऑर्ग.कॉन्फ' नावाची फाइल 'ईटीसी'मधील 'एक्स११' फोल्डरात पडून असेल आणि दरम्यान कार्ड बदललेले असेल, तर तीही बाजूला ठेवून पाहावी. आजच्या यंत्रणांना तिची सहसा गरज नसते.

नोंदवही वाचावी

लिनक्सचा एक गुण असा, की ते अपयशाची कारणे लिहून ठेवते. 'सुडो जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' ही आज्ञा या खेपेच्या आरंभापासूनच्या चुका दाखवते. '-बी' नंतर '-१' असे जोडले तर मागच्या खेपेच्या नोंदी मिळतात, अर्थात त्या डिस्कवर साठवल्या जात असतील तर. एक्स सर्व्हरच्या नोंदींत कंसातील दोन मोठी 'ई' अक्षरे म्हणजे चूक आणि दोन मोठी 'डब्ल्यू' म्हणजे केवळ सावधगिरीचा इशारा. इशारे निरोगी यंत्रातही असतात. त्यांच्या मागे लागू नये. दुसऱ्याची मदत मागतानाही 'पडदा येत नाही' एवढेच सांगण्याऐवजी वितरणाचे नाव, आवृत्ती, कार्डाची जात, शेवटचा बदल आणि या नोंदीतील चुकीची ओळ दिली, तर उत्तर लवकर मिळते.

फॉरमॅटपूर्वी एक पाऊल

इतके करूनही मार्ग निघाला नाही, तरी माहिती वाचविण्याचा उपाय हाती असतोच. लिनक्सचे वितरण पेनड्राइव्हवरून, डिस्कवर न बसवता चालवता येते. दुसऱ्या संगणकावर असा पेनड्राइव्ह तयार करावा, त्यावरून आपला संगणक सुरू करावा, 'इन्स्टॉल' न निवडता 'ट्राय' हा पर्याय घ्यावा आणि मूळ डिस्क उघडून आपल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्क कूटबद्ध केली असेल तर तिचा परवलीचा शब्द लागेल. हे झाल्यावर पुन्हा बसवणी करायची की नाही, हा केवळ सोयीचा प्रश्न उरतो.

२००६ च्या त्या प्रसंगात ज्यांनी घाईने सारे पुसले आणि ज्यांनी दोन ओळी टंकित केल्या, त्यांच्या संगणकांतील बिघाड एकच होता. म्हणून पडदा चालू असतानाच तीन गोष्टी करून ठेवाव्यात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मागचे दार एकदा उघडून पाहावे, सुरू होणारा एक पेनड्राइव्ह कपाटात ठेवावा आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे असू द्यावी. काळा पडदा समोर आल्यावर या गोष्टी शिकायला बसणे कठीण जाते; आधी केलेल्या असल्या, तर अर्ध्या तासात काम होते.